शंभर लिटरचा सरडा

तिच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापाशी संपायची, म्हणून कारखान्यात सगळे तिला साडेनऊ म्हणत. पाठीमागे नाही, तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. नवा माणूस कामाला लागला की ती स्वतःच दोन्ही पंजे त्याच्यापुढे धरायची आणि म्हणायची, "मोज. एकदाच मोज. नंतर विचारायचं नाही."

बोट गेलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि काचा धुवायच्या कामावर होती. दोघी मिळून एक मोठी काच उचलत होत्या, दुसरीचा हात सुटला, हिने सोडला नाही. सोडला असता तर बोट राहिलं असतं आणि काच गेली असती. तिला कोणी विचारलं की का नाही सोडलीस, तर ती म्हणायची, "चांगली काच होती." यापुढे काही विचारायची सोय नसे.

कटिंगच्या टेबलावर ती कशी आली, हे मला थोरल्या मालकांनी सांगितलं. बायकांनी धुवायचं, पुसायचं, पॅकिंग करायचं. कापायचं पुरुषांनी, असा कारखान्याचा न लिहिलेला कायदा होता. जुन्या कटरवाल्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, तो आठवडाभर येणार नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले आणि परत आले तर टेबलावर अकरा काचा कापून, कडा घासून, ओळीने लावलेल्या. थोरले मालक ओरडायला लागले. ओरडता ओरडता त्यांनी टेप काढला आणि एक काच मोजली. मग दुसरी. पाचवीपर्यंत आवाज खाली आला होता. जुना कटरवाला परत आला तेव्हा टेबलाच्या एका बाजूला तो आणि एका बाजूला ती. पुढे तो गेला, ती राहिली. मी तिथे लागलो तेव्हा तिला टेबलापाशी वीस वर्षं होऊन गेली होती. मी काचा जोडायचो, सिलिकॉन लावायचो. तिने माझं नाव पहिल्याच दिवशी ठेवलं : चिकट्या.

आमच्या कारखान्यात माशांच्या टाक्या बनत. त्यामुळे आमच्याकडे सगळी मापं पाण्याची. कुणी फूट-इंच विचारत नसे. दारावरच्या पाटीवर लिहिलेलं असे : पन्नास लिटर, ऐंशी लिटर, शंभर, दोनशे, चारशे. ही सवय हाडात मुरलेली. थोरले मालक गेल्यावर त्यांचा मुलगा गादीवर बसला, तेव्हा पॅकिंगवाला म्हणाला होता, "बाप चारशेचा होता, हा ऐंशीचा आहे." एखादा फार बोलायला लागला की आम्ही त्याला गळकी टाकी म्हणायचो. माणसात किती मावेल यावरून माणसाची किंमत. ही आमची नजर होती आणि ती चुकीची असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

एके दिवशी पिंजरेवाला आला. चौकातलं पक्षी-प्राण्यांचं मोठं दुकान त्याचं. आमच्या निम्म्या टाक्या तोच उचलायचा. म्हणाला, आता माशांचं जुनं झालं, लोकांना सरडे पाहिजेत. दाढीवाले सरडे, बाहेरून येतात, बियर्डेड ड्रॅगन. माणसाळतात, खांद्यावर बसतात, रागावले की गळा फुगवून काळा करतात. त्यांना ठेवायला टाक्या हव्या. वीस.

"केवढ्या?" धाकट्या मालकाने विचारलं.

"शंभर लिटर देऊन टाका. शंभर म्हणजे भरपूर."

शंभर लिटर म्हणजे आमच्याकडे एकच माप : साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद, बेचाळीस उंच. साडेनऊने कापल्या, मी जोडल्या. वर काचेच्या झाकणाऐवजी जाळी बसवली. पिंजरेवाल्याने प्रत्येक टाकीवर पिवळं लेबल चिकटवलं : आयुष्यभरासाठी एकच घर. वीस टाक्या एकाच खेपेत गेल्या. आम्ही विसरलो.

आठ महिन्यांनी त्यातली एक परत आली. आणणारा दातांचा डॉक्टर होता. त्याने टाकी छातीशी धरून आणली होती आणि आत सरडा होता.

"जनावरासकट आणलीत?" धाकटा मालक मागे सरकला.

"मी कामासाठी चार दिवस बाहेर चाललोय, घरी बायको एकटी, ती त्याला हात लावत नाही," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही काच बदला, तोवर त्याला कुठेतरी ठेवा. खायला डबा दिलाय. हा दिवसभर काच खरवडतो. दुपारी डोळा लागत नाही मला. बघा किती ओरखडे पाडलेत. जाड काच बसवा."

साडेनऊ टेबल सोडून आली. तिने ओला कपडा घेतला, टाकीत हात घातला आणि आतल्या बाजूने काच पुसली. ओरखडे गेले. कपड्यावर तपकिरी रेघा उमटल्या.

"काचेला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"मग ते काय होतं?"

"त्याचं नाक."

डॉक्टर वाकला. सरड्याच्या तोंडाचं पुढचं टोक सोललेलं होतं, कडेला खपली. मागच्या दोन पायांवर तो काचेला टेकून उभा होता आणि पुढचे पाय पोहल्यासारखे हलवत होता. खरवडत होता असं म्हणणं खोटं ठरलं असतं. तो चालत होता. फक्त समोर काच होती.

"दुकानात नीट विचारून घेतलं होतं हो मी," डॉक्टर जरा ओशाळून म्हणाला. "शंभर लिटर म्हणजे भरपूर, असं म्हणाले."

तो घाईत होता, निघून गेला. साडेनऊने टाकी टेबलावर घेतली, टेप काढला. सरडा नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. टाकीची लांबी साठ. रुंदी चाळीस, म्हणजे वळायचं झालं की शेपूट काचेला घासून दुमडायची. शेपटीचं टोक तिथेच काळं पडलं होतं. मग तिने हीटर तपासायचे दोन थर्मामीटर आणले. डॉक्टरने टाकीबरोबर दिलेला उष्णतेचा दिवा एका कोपऱ्यावर लावला. एक थर्मामीटर दिव्याखाली, दुसरा पार लांबच्या कोपऱ्यात. अर्ध्या तासाने दिव्याखाली एक्केचाळीस आणि लांबच्या कोपऱ्यात छत्तीस.

"चिकट्या, हे बघ."

"गरमच लागतं ना त्यांना? वाळवंटातले आहेत."

"एका जागी गरम लागतं. दुसऱ्या जागी नाही. याच्या अंगात आपल्यासारखी उष्णता नसते. ऊन हवं तर उन्हात जातो, पुरे झालं की सावलीत. चालून चालून आपलं अंग तो जमवतो. याला चालायला जागाच नाही तर जमवणार कसं? दिवा लावला की हा इकडे भाजतो, तिकडेही भाजतो. बंद केला की दोन्हीकडे गारठतो." ती थांबली. "उंची बेचाळीस दिलीय आपण. बेचाळीस! वर काय करणार हा? पाणी भरणार?"

मग तिने टेप गुंडाळून खिशात टाकला. म्हणाली, "मी कापलंय हे."

मी म्हटलं की ऑर्डर तशी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी सिलिकॉनची नळी उघडून कामाला लागलो.

कारखान्याच्या मागच्या पत्र्याखाली एक जुनं शोकेस पडलेलं होतं, कुठल्यातरी दुकानाच्या काउंटरचं, एकशे वीस लांब, साठ रुंद, साठ उंच, पुढे सरकत्या काचा. एक काच तडकलेली. तिने ती बदलली, वरची एक काच काढून तिथे जाळी बसवली. मालक म्हणाला, दिवा लावून हे कारखान्यात सोडून जायचं नाही, आग लागली तर कोण जबाबदार. ते बरोबरच होतं. म्हणून संध्याकाळी आम्ही दोघांनी शोकेस हातगाडीवर घातलं आणि तिच्या घरी नेलं. सरडा तिच्या पिशवीत, टॉवेलात.

तिचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची दीड खोली. ती आणि तिची धाकटी बहीण. बहीण पडदे शिवायची. अर्ध्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे आणि तिचा दिवाण. जिन्याच्या वळणावर शोकेस अडकलं, ते उभं करून, तिरपं करून, शेजाऱ्याचं दार उघडायला लावून वर घेतलं. बहीण दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"ताई, हे काय?"

"शोकेस."

"ते दिसतंय. यात काय ठेवणार?"

साडेनऊने टॉवेल उलगडला. बहीण एक पाऊल मागे गेली, मग पुन्हा पुढे आली. "याला चोपलं कुणी?"

"मी."

शोकेस ठेवायला जागा एकच होती, भिंतीलगत, जिथे दिवाण होता. दिवाण मशीनकडे सरकवला, मग तो मशीनच्या पायाला लागला, मग अर्धा आडवा केला. बहिणीने सगळं पाहून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सरडा चार फुटांत आणि मी साडेचार फुटांत."

"तू पाय पोटाशी घेऊन झोपतेस."

"कारण दिवाण साडेचार फुटांचा आहे म्हणून, ताई!"

पण तिनेच तळाला घालायला जाड कापडाचा तुकडा बरोबर मापाने बेतून दिला. आम्ही एका टोकाला दिवा लावला, त्याखाली एक फरशी ठेवली. थर्मामीटर दोन्हीकडे. एका टोकाला एक्केचाळीस, दुसऱ्या टोकाला सव्वीस. सरडा दिव्याखाली बसला. तोंड जरासं उघडलं. वीस मिनिटांनी उठला आणि चालत दुसऱ्या टोकाला गेला, काचेपर्यंत पोचायच्या आतच थांबला आणि पोट टेकून पसरला. डोळे मिटले.

"एवढंच?" बहीण म्हणाली.

"एवढंच," साडेनऊ म्हणाली. तिचा आवाज मी तसा आधी ऐकला नव्हता. रागाचाच होता, पण दिशा सापडलेला राग.

पुढचे तीन दिवस ती जेवायच्या सुट्टीत घरी जाऊन यायची. काच खरवडणं थांबलं होतं. नाकावरची खपली सुटायला लागली. पालेभाजीची पानं खायचा, बहिणीच्या मशीनकडे मान तिरपी करून पाहायचा. बहीण सांगायची, मशीन थांबलं की तो डोकं वर उचलतो. "उकाड्यात मला तसंच वाटतं," असंही म्हणायची.

चौथ्या दिवशी डॉक्टर आला. टाकी तयार होती, स्वच्छ, रिकामी.

"सरडा कुठे?"

"घरी," साडेनऊ म्हणाली.

"कुणाच्या घरी?"

"त्याच्या."

डॉक्टरला कळेना हसावं की चिडावं. धाकट्या मालकाला मात्र कळलं. गिऱ्हाइकासमोर साडेनऊ त्याला अहो-जाहो करायची, एकटं असताना अरे-तुरे, कारण तो शाळेच्या दप्तरासकट टेबलाखाली बसायचा तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. तो तिला मावशी म्हणायचा.

"मावशी, त्यांचं जनावर त्यांना द्या."

"देते की. मी काय चोर आहे? जनावर त्यांचंच. पण या डब्यात नाही जाणार."

"अहो, पण ही शंभर लिटरची आहे!" डॉक्टर म्हणाला.

साडेनऊने चहाची बशी उचलली, त्यात नळाखालून पाणी घेतलं आणि टाकीत ठेवली. "हे त्याचं पाणी. एवढं तो दिवसात पितो, तेही प्यायला तर. उरलेले शंभर लिटर कुणासाठी?" मग टेप ताणला. "सरडा एवढा. टाकी एवढी. तुम्ही स्वतः मोजा डॉक्टर. तुम्ही लोकांच्या तोंडात मिलिमीटर मोजता."

डॉक्टरने खरंच टेप हातात घेतला. मोजलं. पुन्हा मोजलं.

तेवढ्यात पिंजरेवाला आला. मालकाने फोन करून बोलावला असावा, कारण दुसऱ्या दिवशी त्याची पुढची ऑर्डर नक्की व्हायची होती, चाळीस टाक्यांची. तो हसतच आत आला.

"काय मावशी, सरड्याची वकिली करताय म्हणे?"

"तू काय करतोस ते सांग."

"अहो, लहान पिल्लू मोठ्या जागेत घाबरतं. किडा टाकला तर त्याला सापडत नाही. सगळे लहान टाकीतच ठेवतात."

"पिल्लू घाबरतं, खरं आहे. तेव्हा त्याला एक कोपरा अडवून द्यायचा. तू विकलास तेव्हा तो वीतभर होता. आता हातभर आहे. तू काय लेबल लावलंयस? 'चार महिन्यांसाठी' असं लावलंयस? आयुष्यभर लिहिलंयस. हे प्राणी दहा-दहा वर्षं जगतात."

"आता त्याला काय कळतंय हो, दोन फूट काय आणि चार फूट काय!"

"त्याला कळतं, म्हणून तो नाक फोडून घेतो. तुला कळत नाही, म्हणून तू टाक्या विकतोस."

पॅकिंगवाला खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. पिंजरेवाल्याचं हसू मावळलं. त्याने मालकाकडे वळून म्हटलं, "चाळीसची ऑर्डर मला दुसरीकडेही देता येते. तुमच्या माणसांना बोलायचं असेल तर बोलू दे." आणि दारात जाऊन उभा राहिला, पण गेला नाही.

मालकाने तिला कटिंगच्या टेबलापाशी नेलं. मी शेजारीच होतो. त्यांनी मला मोजलं नाही.

"मावशी, मला अडचणीत आणू नका. सरडा आणून टाकीत ठेवा. पुढच्यांचं पुढे बघू."

"पुढच्यांचंही तेच. या मापाची टाकी मी सरड्यासाठी कापणार नाही. माशासाठी सांग, आत्ता कापते."

"मग उद्यापासून या टेबलाशी उभं राहायचं नाही."

मला वाटलं ती आता काहीतरी मोठं बोलेल. तिने टेबलावरची काचेची कच पंजाने एका जागी ओढली, उचलून डब्यात टाकली.

"नाही राहत," ती म्हणाली. "पण सरडा त्या डब्यात जाणार नाही."

ती बाहेर आली आणि डॉक्टरसमोर उभी राहिली. "चला. तुमच्या घरी चार फूट शोधू."

"माझ्या घरी जागा नाही हो! फ्लॅट आहे छोटा."

"माझ्या घरी दीड खोलीत निघाली. चला."

डॉक्टर का तयार झाला, मला आजही नीट कळलेलं नाही. पुसलेल्या कपड्यावरच्या रेघा त्याने पाहिल्या होत्या, एवढं खरं. मला तिने टेपचं दुसरं टोक धरायला बरोबर घेतलं. मालक काही म्हणाला नाही.

डॉक्टरच्या बैठकीच्या खोलीत सोफा होता, टीव्ही होता, आणि एका भिंतीभर कपाट, काचेच्या दारांचं. आत कपबशा, बशांचे संच, चिनी मातीचे दोन घोडे. साडेनऊने सोफ्याकडे पाहिलंच नाही. टेप सरळ कपाटाला लावला. "एकशे पंचावन्न," ती म्हणाली.

आतून डॉक्टरची बायको आली. "काय मोजताय?"

"सरड्यासाठी जागा."

"आणि या बशा?"

"या बशा खाली किती वेळा उतरतात?"

बायकोने डॉक्टरकडे पाहिलं. "बारा वर्षांत एकदा. त्यांचे सर जेवायला आले होते."

"आणि पुसता किती वेळा?"

"दर रविवारी," ती म्हणाली. "मी. हे नाही."

"बशा एकावर एक रचल्या तरी चालतात. त्यांना मान वळवावी लागत नाही."

बायको हसायला लागली. डॉक्टर म्हणाला, "अगं, आईने दिलेलं कपाट आहे."

"तुमच्या आईने कपाट दिलं. रविवार माझे गेले." आणि तिने कपाटाचं दार उघडून पहिल्या सहा बशा काढून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. हात मात्र ती सरड्याला आजही लावत नाही, असं डॉक्टर सांगतो. लांबून बोलते त्याच्याशी.

दोन दिवसांनी शोकेस तिकडे, कपाटाच्या जागी गेलं. साडेनऊने दोन्ही थर्मामीटर तिथेच ठेवले आणि डॉक्टरला बजावलं की रोज सकाळी फोन करून दोन आकडे सांगायचे. तो महिनाभर सांगत होता. बहिणीने दिवाण मूळ जागी नेला, आणि मग आठवडाभर कुरकुर करत होती की खोली मोकळी मोकळी वाटते.

टेबल मात्र गेलं ते गेलंच. मालकाने तिला काचा धुवायच्या बाकावर बसवलं, जिथून ती तीस वर्षांपूर्वी उठली होती. आणि कटर माझ्या हातात दिला. मी कापायला शिकलेलो होतो, पण तिच्यासारखा नाही. चाळीस टाक्यांच्या त्या ऑर्डरमध्ये मी सतरा काचा फोडल्या. साठ, चाळीस, बेचाळीस. साठ, चाळीस, बेचाळीस. ती धुवायची, माझ्याकडे पाहायची नाही, आणि मी बरोबर तेवढंच सहन करू शकत होतो. एकदा मी तिला म्हटलं, मावशी, मी नाही कापलं तर दुसरा कापेल. ती म्हणाली, "हो." आणि पुढची काच नळाखाली धरली. त्या होकाराने मला आठवडाभर खाल्लं.

मालकाने एक गोष्ट लक्षात घेतली नव्हती. कटिंगचं टेबल कारखान्याच्या मागच्या टोकाला होतं, आणि धुवायचा बाक दारात, नळापाशी. आजवर गिऱ्हाईक आलं की आधी मालकाला भेटायचं. आता आधी तिला भेटायला लागलं.

"कोणासाठी हवी? मासा की सरडा?" ती साबणाचे हात न पुसताच विचारायची. मासा म्हटलं की, "आत जा, पाटी वाचा." सरडा म्हटलं की, "थांबा." दाराशी फरशीवर तिने ऑईलपेंटने एक चौकोन आखला होता, एकशे वीस बाय साठ. गिऱ्हाइकाला ती चौकोनाच्या कडेला उभं करायची. "हे त्याचं कमीत कमी. तुमच्या घरी एवढी फरशी रिकामी आहे का, ते आधी जाऊन बघा. नसेल तर सरडा घेऊ नका. मासाही चांगला असतो. गप्प असतो, नाक फोडत नाही." कुणी चिडायचं, कुणी निघून जायचं. एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुम्ही विकायला बसलाय की परत पाठवायला?" ती म्हणाली, "धुवायला बसलेय."

मालक म्हणाला, हा चौकोन पुसा. ती म्हणाली, पाण्याने जात नाही. तो म्हणाला, रॉकेलने जातो. ती म्हणाली, मग आण आणि पूस, मी उठते. मालक रॉकेल आणायला गेला नाही. तेवढ्यात फोन आला, मग दुसरा, आणि तो दिवस तसाच गेला. पुढचेही.

पहिल्या वीस टाक्यांची तिने पिंजरेवाल्याकडे जाऊन चौकशी केली. त्याने पत्ते दिले नाहीत. ती त्याच्या दुकानात स्टुलावर दोन तास बसून राहिली, गिऱ्हाइकं तिच्याकडे बघत होती. शेवटी त्याने वैतागून दुकानातल्या पोराचा फोन नंबर दिला, पोराने चार पत्ते दिले. बाकीचे असेच येत गेले : कुणाची जाळी तुटली म्हणून, कुणाचं सिलिकॉन सुटलं म्हणून, आणि दोघे तर "काचेवर ओरखडे पडलेत" हेच सांगत. सहा महिन्यांत वीसपैकी नऊ टाक्या तिच्या चौकोनात येऊन गेल्या. पाच जणांनी मोठी करून घेतली. दोघांनी सरडे देऊन टाकले, चांगल्या जागी. एक सरडा तोवर मेला होता. एकाने तिला शिवी दिली, ती तिने ऐकून घेतली आणि त्याच्या टाकीचं बाहेरचं माप पुन्हा त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

परवा मालक कटिंगच्या टेबलापाशी आला. बरोबर पिंजरेवाल्याची नवी चिठ्ठी. त्याने फोडलेल्या काचांच्या ढिगाकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथे साडेनऊ कुणाशी तरी बोलत होती.

"मावशींना सांग, उद्यापासून परत टेबलावर या."

मी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "विचार त्याला, सरड्याचं माप बदललं का?"

मी परत येऊन विचारलं. मालक म्हणाला, "नाही. तिचं हे नाटक किती दिवस चालणार आहे?"

मी पुन्हा दाराशी गेलो. सांगितलं. साडेनऊने नळ बंद केला. "वीस माझे होते. त्यातले नऊ आलेत. बाकीचे येईपर्यंत चालेल. ते चाळीस तुझे आहेत, चिकट्या. ते किती दिवस चालायचं, ते तूच त्याला सांग."

मी टेबलापाशी आलो. मालकाने चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. वीस नग.

"केवढ्या?" मी विचारलं.

"शंभर लिटर. लिहिलंय की."

"लांबी विचारतोय, मालक."

"शंभर लिटरची जी असते ती!"

"आत काय राहणार आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कटर बाजूला सारला नाही, उचललाही नाही. तो माझ्या हाताजवळ पडून होता.  मोठी काच उभ्या चौकटीत टेकलेली होती, अजून न कापलेली.

"लांबी सांगा," मी म्हटलं. "नाहीतर मी हात लावत नाही."

मालकाने मान वळवून दाराकडे पाहिलं, जणू हे तिने शिकवलंय असं. तिचं इकडे लक्षही नव्हतं. एक बाई मुलाला घेऊन आली होती आणि तो मुलगा फरशीवरच्या रेघेवर तोल सांभाळत चालत होता. "बाळा, रेघेवर नाही," साडेनऊ त्याला सांगत होती, "आत जा. आत जाऊन आडवा हो बघू. आता कूस बदल. जमतंय? मग आता घरी जाऊन आईला सांग, सरडा कुठे ठेवायचा ते."